औषधांच्या अलर्टचा मारा : कोणते ठेवायचे, कोणते बंद करायचे?

नाडीपरीक्षा (धागाकर्ता)

दवाखान्यात ई-प्रिस्क्रिप्शन आणि रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा आहे.

औषध निवडलं की पिवळी चौकट, मात्रा लिहिली की लाल चौकट, सही करताना आणखी एक. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मुद्दाम एकत्र दिलेल्या रुग्णाला दर भेटीत "रक्तस्रावाचा धोका". थायरॉक्सिन ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केलं की "हे औषध आधीच चालू आहे". डोळ्यांत घालायच्या थेंबांनाही पोटातल्या गोळीसारखे इशारे. मग बोट आपोआप "तरीही पुढे जा"वर जातं, आणि जिथे खरंच थांबायला हवं ती चौकटही त्याच ओघात मिटते. २००६ साली आलेल्या एका आढावा-लेखानुसार औषधसुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के अलर्ट डॉक्टर ओलांडून पुढे जातात.

माझं मत असं की सर्वांत गंभीर पातळी ठेवून बाकी सगळे सरसकट बंद करावेत. पटतंय का? नसेल तर तुम्ही कोणते ठेवाल?

गोळीबंद | प्रतिसाद १

दुखणं खरं आहे, उपाय पटला नाही. "गंभीर, मध्यम, सौम्य" या पातळ्या औषधांचा माहितीकोश पुरवणारे ठरवतात, आणि दोन कोशांत एकाच जोडीची पातळी वेगळी सापडते. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून पातळी वर चढवून ठेवायची, हा त्यांचा कल असतो. म्हणजे "गंभीर"मध्ये भरताड असते आणि कामाच्या जोड्या "मध्यम"मध्ये पडून राहतात.

रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही जोडी घ्या. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला ती विचार करूनच देतात, त्यामुळे अनेक ठिकाणी ती "मध्यम" असते. पण पोटॅशियम तपासायचं राहून गेलं तर हीच जोडी जिवावर बेतते. पातळीवरून कात्री लावली तर ती गेली.

छाटायचं तर एकेक जोडी बघून छाटा. आणि डोळ्यांच्या थेंबांबद्दल: टिमोलॉलचे थेंब दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकतात. तोंडात लावायची मायकोनॅझोलची जेल, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वर नेते. "वरून लावायचं औषध" म्हणून अख्खा गट बंद केलात तर हे दोन्ही निसटतील.

शून्यएक | प्रतिसाद २

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. थायरॉक्सिनचा अलर्ट चुकीचा नाही, यादी चुकीची आहे.

होतं असं. डॉक्टर "नवीन औषध" दाबून ७५ मायक्रोग्रॅम लिहितात. ५० ची ओळ कुणी बंद केलेली नसते. संगणकाच्या लेखी रुग्ण दोन्ही घेतोय. बहुतेक चांगल्या प्रणालींत "बदला" किंवा "मात्रा बदला" असं वेगळं बटण असतं. ते दाबलं की तीन गोष्टी एका दमात होतात: जुनी ओळ आजच्या तारखेने थांबते, थांबवण्याचं कारण नोंदवलं जातं, आणि नवी ओळ जुनीला जोडली जाते. आरोग्यनोंदींची देवाणघेवाण करायच्या "फायर" या मानकात औषधाच्या मागणीला स्थिती देता येते: चालू, तात्पुरती थांबवलेली, रद्द, पूर्ण झालेली, थांबवलेली, चुकून नोंदवलेली. यातल्या शेवटच्या तिघींमधला फरक महत्त्वाचा आहे. पाच दिवसांचं प्रतिजैविक संपलं ती "पूर्ण". पुरळ आलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडलं ती "थांबवलेली". दुसऱ्याच रुग्णाच्या नावावर पडलं ती "चुकून नोंदवलेली". तिन्हींना एकच "काढून टाका" बटण असेल तर पुढच्या वर्षी त्या पुरळाचा मागमूस उरत नाही.

सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला एकच करून दाखवायला सांगा: चालू औषधाची मात्रा बदला, आणि मग चालू यादीत किती ओळी दिसतात ते बघा. दोन दिसल्या तर दुप्पट औषधाचा अलर्ट जन्मभर पाठ सोडणार नाही.

अर्धविराम | प्रतिसाद ३

+१. अलर्ट म्हणजे गणिताचं उत्तर. आकडेच चुकीचे मांडले तर उत्तर तरी बरोबर कसं येणार?

गोळीबंद | प्रतिसाद ४

शून्यएक यांच्या मुद्द्याला पुढचा धागा जोडतो. दवाखान्याच्या संगणकात औषध थांबलं म्हणजे औषध दुकानातल्या संगणकात थांबलं असं नाही. तिथे आधीची चिठ्ठी शिल्लक पुनर्भरणांसह जिवंत असते. रुग्ण नेहमीप्रमाणे जातो, दोन्ही घेऊन येतो.

यासाठी अमेरिकेत ई-चिठ्ठ्या पाठवायच्या स्क्रिप्ट मानकात "कॅन्सलआरएक्स" नावाचा वेगळा संदेश आहे. तो दोन्ही टोकांना चालू असेल तरच उपयोगाचा. पाठवल्यावर "रद्द झाली" किंवा "रद्द करता आली नाही" असं उत्तर येतं, आणि दुसऱ्या प्रकारचं उत्तर कुणाच्या पेटीत पडतं हे आधी ठरलेलं हवं. ते कुणीच वाचत नसेल तर रद्द करूनही न केल्यासारखंच.

असा संदेश नसेल तिथे साधा उपाय: नव्या चिठ्ठीतच स्वतंत्र ओळीत "बंद: अमुक औषध, अमुक मात्रा, अमुक कारणासाठी" असं छापून यावं. औषध देणाऱ्याला जुनी चिठ्ठी बाद करायला आधार मिळतो आणि रुग्णाच्या हातातही लिखित राहतं.

आणि हो, छापील चिठ्ठीची पीडीएफ फोनवर पाठवणं म्हणजे ई-प्रिस्क्रिप्शन नव्हे. पलीकडे कुणीतरी ती पुन्हा टंकतंच. अक्षर वाचण्याचा त्रास वाचला, टंकण्याची चूक तशीच राहिली.

कळफलक | प्रतिसाद ५

डॉक्टरांचं अक्षर सुधारलं, आता यादीत नेमक्या ओळीवर टिचकी पडेल याची सोय करायची वेळ आलीय :)

गंभीरपणे: अलर्टच्या आधीची चूक निवडताना होते. इंग्रजीत "एम-ई-टी" एवढी तीनच अक्षरं टंकली की मेटफॉर्मिन, मेटोप्रोलॉल, मेथोट्रेक्सेट, मेट्रोनिडॅझोल, मेटोक्लोप्रमाइड एकाखाली एक उभी राहतात. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, जंतुसंसर्ग, उलटी: पाच औषधांची पाच टोकं, आणि त्यांच्यात अंतर एका ओळीचं. शोध सुरू व्हायला किमान पाच अक्षरं हवीत अशी सेटिंग ठेवा. पाचव्या अक्षरापर्यंत ही पाचही वेगळी होतात.

मात्रांची यादी आकड्याच्या क्रमाने लागते की अक्षराच्या, तेही बघा. अक्षरक्रमाने लावली तर ५, ५०, ५०० शेजारी येतात आणि १० वर जातो. फिरत्या चाकाच्या माउसने यादी उघडी असताना पान खाली सरकवलं तर निवडलेली मात्रा गुपचूप बदलते, हाही दोष काही प्रणालींत आहे. तपासायची रीत सोपी: मात्रा निवडा, यादीतून बाहेर टिचकी न मारता चाक फिरवा, आकडा हलला का बघा.

ऋतुचर्या | प्रतिसाद ६

हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन यांची गल्लत प्रसिद्ध आहे. पहिलं खाजेवर, दुसरं रक्तदाबावर. अशा जोड्यांमध्ये इंग्रजी नावाचा वेगळा भाग मोठ्या लिपीत छापायची पद्धत आहे, तिला टॉल मॅन म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये ती बहुधा असते, फक्त चालू करावी लागते. पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. चिठ्ठीत औषध कशासाठी दिलंय ते लिहिणं हा त्याहून भरवशाचा उपाय. "हायड्रॅलाझिन, खाजेसाठी" असं छापून आलं की औषध देणारा जागीच फोन उचलतो.

चिमुकल्यांचा_डॉक्टर | प्रतिसाद ७

लहान मुलांच्या बाबतीत अलर्टची चर्चा वजनाच्या रकान्यापासून सुरू व्हायला हवी. तो रिकामा किंवा शिळा असेल तर मात्रेचा एकही अलर्ट खरा नसतो.

१२ किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रतिकिलो म्हणजे १८० मिग्रॅ. हे झालं सोपं. आता बाटली. ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेल्या औषधाचे ७.५ मिली होतात, ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्याचे ३.६ मिली. चिठ्ठीत नुसतं "७.५ मिली" आलं आणि हातात दाट बाटली पडली तर बाळाच्या पोटात ३७५ मिग्रॅ जातात, दुपटीहून जास्त. म्हणून पातळ औषधाच्या ओळीत तिन्ही हवेत: मिग्रॅ, मिली, आणि ५ मिलीत किती मिग्रॅ ते. नुसता "चमचा" कधीच नको.

वजनाचं एकक किलोवर कुलूपबंद करा. पाउंड निवडायची मुभाच ठेवू नका. २६ पाउंडांचं मूल खरं तर ११.८ किलोचं. २६ हा आकडा किलो म्हणून गेला तर वरचाच हिशोब ३९० मिग्रॅवर जातो, आणि सॉफ्टवेअर त्याला "योग्य मात्रा" म्हणून हिरवा कंदील दाखवतं.

वजनाला मुदत घाला. तान्ह्या बाळाचं महिन्यापूर्वीचं वजन चालत नाही. मुदत उलटली की वजन भरल्याशिवाय सही होऊ नये. हा अडवणारा अलर्ट मी तरी कधीच बंद करणार नाही.

शून्यएक | प्रतिसाद ८

एककाच्या घोळाचं ठळक उदाहरण २०१३ साली अमेरिकेतल्या एका अध्यापन रुग्णालयात घडलं. १६० मिग्रॅची को-ट्रायमॉक्सॅझोल या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. पडद्यावरचं एकक "मिग्रॅ" नव्हतं, "मिग्रॅ प्रतिकिलो" होतं. रुग्णाचं वजन ३८.६ किलो. १६० गुणिले ३८.६ होऊन मागणी गेली साडेअडतीस गोळ्यांची. अलर्ट आले होते. ते इतर शेकडो अलर्टसारखेच दिसत होते, म्हणून ओलांडले गेले. यंत्राने गोळ्या बरोबर मोजून बांधल्या, बारकोड वाचणाऱ्या यंत्राने त्या बरोबर असल्याचं सांगितलं, आणि त्या दिल्या गेल्या. रुग्णाला आकडी आली, पण जीव वाचला.

यात बघण्यासारखं हे की एका गोळीच्या जागी ३८ गोळ्यांचा अलर्ट आणि थोडी जास्त मात्रा झाल्याचा अलर्ट रंगाने, आकाराने, मजकुराने सारखेच होते. मर्यादेच्या किती पट गेलंय हे अलर्टने ओरडून सांगायला हवं. काही प्रणालींत मात्रेची "कठोर सीमा" ठेवता येते, ती ओलांडायला दुसऱ्या व्यक्तीची मान्यता लागते. नेहमीच्या औषधांना ती लावायला एक दुपार पुरते.

ऋतुचर्या | प्रतिसाद ९

मेथोट्रेक्सेटचं नाव वर आलंय, त्यावर थांबायला हवं. संधिवातात ते आठवड्यातून एकदा असतं. सॉफ्टवेअरमध्ये वारंवारतेचा मूळ पर्याय मात्र "दिवसातून एकदा" असतो, कारण बाकी बहुतेक गोळ्या तशाच असतात.

१५ मिग्रॅ आठवड्याला म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या, चार आठवड्यांना २४. "रोज" असं गेलं तर त्या २४ गोळ्या चार दिवसांत पोटात जातात, महिन्याची मात्रा चार दिवसांत. तोंड सोलवटतं, अस्थिमज्जा बसते.

करायचं ते असं. या औषधाचा साचा आधीच तयार ठेवा: वारंवारता "आठवड्यातून एकदा" आणि वाराचं नाव भरल्याशिवाय ओळ पूर्ण होऊ नये. "दररोज" हा पर्याय यादीतूनच काढा. कर्करोगासाठी वेगळा साचा, तो वेगळ्या अधिकाराखाली. फक्त २.५ मिग्रॅची गोळी दिसू द्या, १० ची लपवा, म्हणजे दोन ताकदींची सरमिसळ होणार नाही. एका वेळी चार आठवड्यांहून जास्त पुरवठा नको. फॉलिक अ‍ॅसिडची ओळ सोबत, तिचा वार वेगळा.

इथे अलर्टची गरजच उरत नाही. चुकीची वाट बंद केली की पाटी लावावी लागत नाही.

नाडीपरीक्षा | प्रतिसाद १०

साचे हा विचार पटतोय. पण मग उतरत्या मात्रेचं काय? प्रेडनिसोलोन कमी करत न्यायचं तर आमच्या प्रणालीत एक ओळ पुरत नाही.

गोळीबंद | प्रतिसाद ११

हा फार चांगला प्रश्न विचारलात, कारण औषध दुकानात सगळ्यात जास्त फोन यावरूनच करावे लागतात.

४० मिग्रॅ पाच दिवस, मग ३०, मग २०, मग १०, प्रत्येकी पाच दिवस. सॉफ्टवेअरला उतरती मात्रा कळत नसेल तर लोक चार ओळी लिहितात आणि चारींना आजचीच तारीख पडते. चिठ्ठीत चार औषधं दिसतात. रुग्णाने चारी एकदम सुरू केली तर पहिल्या दिवशी १०० मिग्रॅ.

उतरत्या मात्रेची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर एकच ओळ लिहा, ताकद ५ मिग्रॅची गोळी, आणि सूचनेत: "सकाळी जेवणानंतर रोज ८ गोळ्या ५ दिवस, नंतर ६ गोळ्या ५ दिवस, नंतर ४ गोळ्या ५ दिवस, नंतर २ गोळ्या ५ दिवस, मग बंद". एकूण १०० गोळ्या. संख्या हाताने भरा, कारण संगणक पहिल्या आकड्यावरून ८ गुणिले २० करून १६० काढतो. आणि सूचनेत गोळ्या लिहा, मिग्रॅ नको. घरी कुणी भागाकार करत बसत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. मोकळ्या सूचनेत लिहिताना वारंवारतेच्या रकान्यात "दिवसातून एकदा, १ गोळी" असं उरलेलं राहू देऊ नका. रकाना एक सांगतो आणि सूचना दुसरंच, अशी चिठ्ठी आली तर कुठलं खरं मानायचं? "सूचनेप्रमाणे" हा पर्याय त्यासाठीच असतो.

कळफलक | प्रतिसाद १२

मोकळ्या मजकुराविषयी काही छोट्या गोष्टी, पण प्राणघातक: १.० लिहू नका, टिंब पुसट झालं की १० होतात. .५ लिहू नका, ०.५ लिहा. इन्सुलिनच्या "युनिट"चं इंग्रजी आद्याक्षर शून्यासारखं वाचलं जातं, पूर्ण शब्द लिहा. सॉफ्टवेअर शेवटचं शून्य स्वतःहून जोडतं का तेही छापून तपासा. पडद्यावर नसतं आणि कागदावर असतं, असंही होतं.

पानगळ | प्रतिसाद १३

अ‍ॅलर्जीच्या अलर्टबद्दल अजून कुणी बोललं नाही. तिथला गोंगाट जवळजवळ सगळा नोंदीतून येतो.

कोडीनने मळमळलं, नोंद झाली "अ‍ॅलर्जी: कोडीन". आता मॉर्फिनपासून ट्रॅमाडॉलपर्यंत प्रत्येकावर लाल चौकट. मळमळ हा दुष्परिणाम आहे, अ‍ॅलर्जी नाही, आणि दोन्हींना वेगळे रकाने असतात. "सल्फा अ‍ॅलर्जी" अशी ढोबळ नोंद केली की फ्युरोसेमाइडवरही इशारा येतो, जरी सल्फा प्रतिजैविकं आणि ही मूत्रल औषधं यांच्यात अ‍ॅलर्जी ओलांडून जाते याला पुरावा फारच कमी आहे. म्हणून नेमक्या औषधाचं नाव नोंदवा, गटाचं नाही.

प्रत्येक अ‍ॅलर्जीला चार गोष्टी लागतात: कोणतं औषध, काय झालं, किती तीव्र, कधी. "पेनिसिलिन, पुरळ, सौम्य, लहानपणी" आणि "पेनिसिलिन, श्वास अडकला, अतितीव्र, गेल्या वर्षी" या दोन्हींना एकच चौकट येते तेव्हा दुसरीची किंमत पहिली खाऊन टाकते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नोंदलेल्या बहुसंख्य लोकांना चाचणीत ती आढळत नाही, त्यामुळे जुनी नोंद पुसण्याचीही रीत हवी: चाचणी झाली, नाही आढळली, या तारखेला रद्द.

याच्या उलट धोका मोकळ्या रकान्याचा. "पेनिसिलिन चालत नाही" असं टिपणात लिहिलं आणि यादीतून निवडलं नाही तर अमॉक्सिसिलिन लिहिताना संगणक शांत बसतो. "माहीत असलेली अ‍ॅलर्जी नाही" आणि "विचारलंच नाही" यांनाही वेगळ्या खुणा असायला हव्यात. रिकामा रकाना म्हणजे "नाही" असं समजणारं सॉफ्टवेअर घेऊ नका.

काचपट्टी | प्रतिसाद १४

प्रयोगशाळेच्या बाजूने. मूत्रपिंडावर आधारलेले अलर्ट, म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचं माप, रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेलं) ३० च्या खाली मेटफॉर्मिन नको वगैरे, खरोखर उपयोगी आहेत. पण ते क्रिएटिनिन कधीचं धरतात हे विचारा. दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर अलर्ट आला नाही, म्हणून मूत्रपिंड ठीक आहे असं होत नाही. अलर्टच्या चौकटीत आकड्याशेजारी तारीख दिसायलाच हवी.

दुसरं, एककं. क्रिएटिनिन १.२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे १०६ मायक्रोमोल प्रति लिटर. गुणक ८८.४. दोन प्रयोगशाळा दोन एककांत अहवाल पाठवतात आणि सॉफ्टवेअर नुसता आकडा उचलतं, तेव्हा आलेखावर रुग्णाचं मूत्रपिंड एका रात्रीत निकामी झालेलं दिसतं. साखरेचा गुणक १८. प्रत्येक चाचणीचा लॉइंक क्रमांक (चाचण्यांना दिलेला प्रमाणित संकेतांक) जोडून घ्या, एचबीए१सी या साखरेच्या सरासरीच्या चाचणीचा ४५४८-४ हा त्यातलाच. नाव "ए१सी" असो की "ग्लायकोसायलेटेड", क्रमांक एकच राहतो. पीडीएफ जोडलेल्या अहवालातले आकडे कुठल्याच अलर्टला दिसत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

नाडीपरीक्षा | प्रतिसाद १५

@काचपट्टी, "ग्लायकोसिलेटेड" म्हणायचंय ना?

काचपट्टी | प्रतिसाद १६

हो, बरोबर, घाईत टंकलं. आणि खरं तर "ग्लायकेटेड" म्हणायला हवं. नावांचा हाच गोंधळ क्रमांकाने मिटतो :)

पहारेकरी | प्रतिसाद १७

थोडं अवांतर, पण याच कुळातलं. कितीही अलर्ट ठेवा, रुग्णच चुकीचा उघडलेला असेल तर काय? आडनावं सारखी, पहिली नावं सारखी, दोन खिडक्या उघड्या. औषध बरोबर, मात्रा बरोबर, माणूस दुसरा.

पानाच्या वरच्या पट्टीत फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, वय सतत दिसू द्या. एका वेळी एकच रुग्ण उघडेल अशी मर्यादा घाला. किती वेळा असं होतंय ते मोजायची युक्ती आहे: लिहिलेली मागणी १० मिनिटांच्या आत त्याच डॉक्टरने रद्द केली आणि पुढच्या १० मिनिटांत तीच दुसऱ्या रुग्णाला लिहिली, अशा जोड्या नोंदवहीतून काढा. प्रत्येक जोडी म्हणजे वेळेवर लक्षात आलेली चूक. न लक्षात आलेल्या त्यात येत नाहीत.

आणि प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन हवं. सकाळी डॉक्टरांनी उघडलं आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावरच काम केलं तर अलर्ट कुणी ओलांडला हे कुठल्या तोंडाने विचारणार? सहीचं चित्र डकवणं म्हणजे डिजिटल सही नव्हे. खरी डिजिटल सही मजकुराला बांधलेली असते, नंतर एक आकडा बदलला तरी ती तुटते.

अर्धविराम | प्रतिसाद १८

मागची नोंद जशीच्या तशी पुढे ओढण्याच्या सवयीबद्दलही कुणी लिहा. टिपणात "अमलोडिपिन ५ चालू", यादीत ते चार महिन्यांपूर्वी बंद. पुढच्या वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

शून्यएक | प्रतिसाद १९

@अर्धविराम, टिपणात औषधं लिहूच नयेत. टिपणाच्या साच्यात यादीची जिवंत खूण ठेवावी, म्हणजे त्या दिवशी सही करताना जी यादी असेल ती आपोआप उतरते आणि गोठते. ओढायची तर तक्रारींची पार्श्वभूमी ओढा. तपासणी आणि निष्कर्ष रोज नव्याने लिहा. ओढलेला मजकूर हात लावेपर्यंत करड्या रंगात दिसावा, अशी सोय काही सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती मागून घ्या.

२००५ साली एका रुग्णालयातल्या संगणकीय मागणी-प्रणालीच्या अभ्यासात चुकांना वाट करून देणारे २२ प्रकार सापडले होते. त्यातला एक असा की एका रुग्णाची सगळी औषधं पाहायला २० पर्यंत पडदे उघडावे लागत. म्हणून खरेदीआधीची दुसरी परीक्षा: रुग्णाची सगळी चालू औषधं, अ‍ॅलर्जी, शेवटचं क्रिएटिनिन आणि वजन एका पडद्यावर, न सरकवता दिसतात का?

पानगळ | प्रतिसाद २०

जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात जाताना हे सगळं एकदम अंगावर येतं. औषधं मोकळ्या मजकुरातून आली की त्यांना संकेतांक नसतो, आणि संकेतांक नसलेल्या औषधावर एकही तपासणी चालत नाही. अलर्ट अचानक कमी झाले म्हणून बरं वाटतं, तेव्हाच जास्त घाबरावं.

निर्यात मागताना पीडीएफ नको, तक्ता मागा: औषधाचा संकेतांक, ताकद, एकक, वारंवारता, सुरू तारीख, थांबल्याची तारीख, कारण, प्रत्येकाचा स्वतंत्र स्तंभ. करारावर सही करायच्या आधी नमुना फाइल हातात घ्या. आयात झाल्यावर सगळी औषधं "पडताळणी बाकी" अशा स्थितीत ठेवा आणि रुग्ण पहिल्या भेटीला आला की समोर बसून एकेक चालू किंवा बंद करा. अ‍ॅलर्जी मात्र पहिल्या दिवसाआधीच हाताने तपासून घ्या, तिला भेटीची वाट बघणं परवडत नाही.

ऋतुचर्या | प्रतिसाद २१

वीज किंवा जाळं गेल्यावर काय, तेही यादीत असू द्या. त्या दिवसाच्या रुग्णांची औषधं आणि अ‍ॅलर्जी यांची फक्त-वाचनाची प्रत दर काही तासांनी दवाखान्यातल्याच एका यंत्रावर उतरावी. कागदावर लिहिलेलं नंतर भरताना औषध दिल्याची खरी वेळ टाका, टंकल्याची नाही. नाहीतर संध्याकाळी भरलेली सकाळची मात्रा "आत्ताच दिली" अशी दिसते आणि पुढची चुकते.

नाडीपरीक्षा | प्रतिसाद २२

मूळ प्रश्नाकडे येतो. सरसकट बंद करण्याचं मत मागे घेतो. आधी कारणं काढायची, मग अलर्ट छाटायचे. या धाग्यावरून असा क्रम लावलाय:

चालू यादीतल्या दुहेरी ओळी बंद करणं, अ‍ॅलर्जी आणि दुष्परिणाम वेगळे करणं, वजनाला किलोचं कुलूप. हे होईपर्यंत एकाही अलर्टला हात लावायचा नाही. मग पूर्ण अडवणारे फक्त मोजके: सिल्डेनाफिल आणि नायट्रेट, सिम्व्हास्टॅटिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, मेथोट्रेक्सेट आणि ट्रायमेथोप्रिम, अ‍ॅझाथायोप्रिन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल, अतितीव्र अ‍ॅलर्जी, कठोर सीमेबाहेरची मात्रा. वॉरफरिनसोबत मेट्रोनिडॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल दिलं तर अडवायचं नाही, पण आयएनआरची तारीख घातल्याशिवाय सही होऊ द्यायची नाही. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनला पोटॅशियमसाठी तसंच. बाकीच्या जोड्या कडेच्या पट्टीत, चौकट न उघडता.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं काय करू? ते मुद्दाम दिलेलं असतं, पण अनंत काळ चालू राहता कामा नये.

गोळीबंद | प्रतिसाद २३

यादी उत्तम. वॉरफरिनच्या ओळीत को-ट्रायमॉक्सॅझोलही घाला. अ‍ॅझाथायोप्रिनची जोडी पूर्ण अडवू नका: काही विशेषज्ञ मात्रा चौथाईवर आणून ती मुद्दाम देतात, म्हणून तिथे विशेषज्ञाचं नाव आणि कमी केलेली मात्रा विचारा.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा जोडीचा अलर्ट त्या रुग्णापुरता मिटवा, आणि क्लोपिडोग्रेलच्या ओळीत थांबवायची तारीख भरा. स्टेंट घालणाऱ्याने जी मुदत लिहिली असेल ती. तारीख जवळ आली की आठवण, उलटली की पुनर्भरण बंद. तारीख कळवलेली नसेल तर तो रकाना रिकामा सोडू नका, "विचारायचं आहे" असं काम कुणाच्या तरी नावावर टाका.

शून्यएक | प्रतिसाद २४

ओलांडण्याची कारणं आधीच ठरवून द्या, मोकळा रकाना ठेवलात तर त्यात टिंबं येतात. पाच पुरतात: "मुद्दाम दिलंय, देखरेख चालू", "आधी घेतलंय, त्रास नाही", "दुसरं औषध थांबवलं", "नोंद चुकीची आहे", "पर्याय नाही, रुग्णाशी बोललो". "नोंद चुकीची आहे" निवडलं की ती नोंद दुरुस्त करायचा पडदा तिथेच उघडायला हवा.

दर महिन्याला एक तक्ता काढा: कोणता अलर्ट किती वेळा आला आणि किती वेळा औषध बदललं गेलं. शंभरदा येऊन एकदाही काही बदललं नाही, तो कडेच्या पट्टीत टाका. माहितीकोश अद्ययावत झाला की तुमच्या सेटिंग पुसल्या जातात का, हे पहिल्याच महिन्यात बघा. काही ठिकाणी पुसल्या जातात, म्हणून सेटिंगची प्रत वेगळी काढून ठेवा.

नाडीपरीक्षा | प्रतिसाद २५

"नोंद चुकीची आहे" हे कारण आमच्याकडे नव्हतंच. उद्या पहिलं तेच घालतो. तक्ता महिन्याने इथेच टाकतो, रुग्णांची ओळख काढून.